औदुंबर : दारातला भूतयज्ञ

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी काही कीर्तनकार नाही, शास्त्रीही नाही. बी.कॉम. झालो, बँकेत लागलो आणि उभी हयात जमा-नावे लिहिण्यात गेली. निवृत्तीनंतर दोनच गोष्टी नेमाने करतो. सकाळी पोथी आणि संध्याकाळी झाडांना पाणी. या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत, असे आता मला वाटू लागले आहे. ते का वाटते, एवढेच या दत्तजयंतीच्या निमित्ताने आपल्यापुढे मांडतो. गोड मानून घ्यावे.

सुरुवात घरापासूनच करू. आपण रोज ज्याला हळदकुंकू लावतो, ज्याच्यासमोर रांगोळी काढतो, तो घराचा उंबरा. संस्कृतात 'उदुंबर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक उंबराचे झाड आणि दुसरा दाराची चौकट बसते तो उंबरठा. म्हणजे बघा, दत्तमहाराजांचे झाड आपल्या घरात शब्दाच्या रूपाने आधीपासूनच येऊन बसलेले आहे. आपण रोज ते ओलांडून बाहेर जातो. प्रश्न एवढाच, की उंबऱ्याच्या बाहेर गेल्यावर खरा उंबर आपल्याला कुठे दिसतो का?

गुरुचरित्रातला प्रश्न

श्रीगुरुचरित्राच्या एकोणिसाव्या अध्यायात नामधारक सिद्धमुनींना एक प्रश्न विचारतो. अश्वत्थाचा, म्हणजे पिंपळाचा, महिमा एवढा मोठा असताना श्रीगुरू औदुंबरातळी का राहतात? प्रश्न मोठा मार्मिक आहे. त्यावर सिद्धमुनी नृसिंह अवताराची कथा सांगतात. हिरण्यकशिपूला फाडल्यावर भगवंतांच्या नखांना विषाचा दाह सुरू झाला. तेव्हा लक्ष्मीमातेने औदुंबराची फळे आणली. भगवंतांनी त्या फळांत नखे रोवली आणि दाह शांत झाला. प्रसन्न होऊन त्यांनी या वृक्षाला वर दिला, की तू सदा फळलेला राहशील.

आता या कथेकडे जरा संसारी माणसाच्या नजरेने पाहा. लक्ष्मीमातेने मदतीला काय आणले? समुद्रातले रत्न आणले नाही, दूरच्या पर्वतावरची दुर्मीळ वनस्पती आणली नाही. हाताशी असलेल्या झाडाची साधी फळे आणली. ज्या फळांना बाजारात कोणी दोन पैसे देणार नाही, ती भगवंतांच्या कामी आली. उंबर हे काही बाहेरून आणलेले झाड नव्हे. ते याच भूमीतले, नदीकाठचे, ओढ्याकाठचे झाड आहे. नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर श्रीनृसिंहसरस्वती बारा वर्षे राहिले. भिलवडीजवळ कृष्णाकाठी औदुंबर क्षेत्री त्यांनी चातुर्मास केला. त्या गावाचे नावच झाडावरून पडले. श्रीगुरूंनी ज्या नदीकाठाला आपले मानले, तिथे जे झाड आपसूक वाढते त्याच्याच सावलीत ते बसले.

संप्रदायातले बाकीचे वृक्षही असेच आहेत. गाणगापूरला भीमा-अमरजा संगमावर अश्वत्थ, अक्कलकोटला स्वामी समर्थांचा वटवृक्ष. वड, पिंपळ आणि उंबर ही तिन्ही झाडे वनस्पतीशास्त्रात एकाच घराण्यातली, सख्खी भावंडेच म्हणा ना! तिघांची फळे वेगळ्या आकाराची, पण रचना एकच. आपले गुरू ज्या झाडांखाली बसले ती सारी एकाच गोत्राची निघावीत, हा मला मोठा अर्थपूर्ण योग वाटतो.

उंबराचे फूल कुठे आहे?

फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण 'उंबराचे फूल झालास की रे' असे म्हणतो. कारण उंबराला फूल आलेले कोणी पाहत नाही. पण फूल असते, बरं का. ते फळाच्या आत असते. आपण ज्याला उंबर म्हणतो तो एक बंद डबाच आहे आणि त्या डब्याच्या आतल्या भिंतीवर शेकडो बारीक फुले लागलेली असतात. टोकाला एक बारीक छिद्र असते. त्यातून एक चिमुकली माशी आत शिरते. शिरताना तिचे पंख बहुधा गळून पडतात. आत ती अंडी घालते, अंगावर आणलेला पराग फुलांना देते आणि तिथेच तिचे आयुष्य संपते. पुढे तिची पिल्ले आत वाढतात. नर माश्या फळाला बाहेर पडायची वाट कोरतात आणि स्वतः आतच मरतात. माद्या पराग घेऊन बाहेर पडतात आणि दुसऱ्या उंबराच्या शोधात निघतात. त्यांचे बाहेरचे आयुष्य उणेपुरे एक-दोन दिवसांचे.

आता गंमत अशी, की आपल्याकडे उंबराची ही माशी उंबराचीच. ती वडाला चालत नाही, पिंपळाला चालत नाही. त्यांच्या माश्या वेगळ्या. उंबर नसेल तर ती माशी नाही आणि ती माशी नसेल तर उंबराला बी नाही. लाखो वर्षांचा हा करार आहे. बँकेच्या भाषेत सांगायचे तर कर्जदार आणि जामीनदार दोघेही एकमेकांचेच!

जुनी माणसे म्हणत, उंबर फोडून केंबरे कशाला काढायची? म्हणजे नसती उठाठेव करू नये. म्हण आपल्या जागी खरी आहे, पण ज्याने एकदा तरी उंबर फोडून ती केंबरे पाहिली, त्याला भगवंताच्या लीलेचा एक पुरावा हातात मिळतो.

या माशीला सतत कुठे ना कुठे तयार होत असलेले फळ लागते. म्हणून परिसरात एकच उंबर असून भागत नाही. चार-सहा असले, की एकाचा बहर संपतो तोवर दुसऱ्याचा सुरू होतो. बारा महिने कुठल्या तरी झाडावर फळे असतात. 'सदा फळित' राहण्याचा भगवंतांचा वर अशा रीतीने रोज खरा होताना दिसतो. पण तो खरा व्हायला झाडे हवीत ना? वर भगवंतांनी दिला, झाडे राखण्याचे काम आपल्याकडे आले.

भूतयज्ञ म्हणजे काय

आपल्या शास्त्रात गृहस्थाला रोजचे पाच यज्ञ सांगितले आहेत. ब्रह्मयज्ञ, देवयज्ञ, पितृयज्ञ, मनुष्ययज्ञ आणि भूतयज्ञ. यातल्या भूत शब्दाने दचकू नका. भूत म्हणजे जीव, प्राणिमात्र. आपल्या जेवणाआधी मुंगी, कावळा, कुत्रा, गाय यांचा वाटा काढून ठेवणे हा भूतयज्ञ.

हे यज्ञ का सांगितले? कारण गृहस्थाच्या घरात पाच ठिकाणी नकळत हिंसा होते. चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. संसार करायचा म्हणजे हे टळत नाही. म्हणून जे नावे पडले ते रोजच्या रोज जमा करून खाते समतोल ठेवायचे. आजच्या काळात ही यादी किती वाढली पाहा! घराचे सिमेंट, बोअरचे पाणी, दारातली गाडी, फरशी बसवलेले अंगण. एकेका घराखाली किती जिवांची जागा गेली, त्याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

आणि भरणा काय करतो आपण? सकाळी गच्चीवर चिमूटभर तांदूळ. तेही चांगलेच आहे. पण एक उंबर काय करतो ते बघा. त्याची फळे फांद्यांच्या टोकाला नसतात, थेट खोडाला घोसांनी लगडतात. वर पक्षी खातात. हरियाल, म्हणजे आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी, तांबट, कोकीळ, बुलबुल. रात्री वटवाघळे येतात. खार येते. खाली पडलेली फळे गुरे, मुंग्या, किडे खातात. सर्वांचे जेवण झाल्यावर उरलेल्याचे खत होते. मनुष्याने घास काढून ठेवायचा राहिला तरी उंबराचा भूतयज्ञ चुकत नाही. ज्याने एक उंबर जगवला त्याने आपल्या पश्चातही चालू राहणारे अन्नछत्र उघडले.

दत्तमहाराजांनी चोवीस गुरू केले, हे आपण सर्व जाणतो. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत ते यदुराजाला सांगतात. त्या यादीत पहिला गुरू पृथ्वी. आणि पृथ्वीचाच भाग म्हणून पर्वत आणि वृक्ष यांच्याकडूनही अवधूत धडा घेतात, की आपले असणे हे दुसऱ्यासाठी असावे. ज्यांनी वृक्षाला गुरू मानले त्यांची आपण पूजा करतो, तर त्यांच्या गुरूकडे पाठ कशी फिरवावी?

आपले आणि पाहुणे

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. बाहेरून आलेल्या झाडांशी माझे काही भांडण नाही. दसऱ्याला ज्याची तोरणे बांधतो तो झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथेही तो पितरांच्या सणाला वाहतात. पांढरा चाफा मध्य अमेरिकेतला. गुलमोहर मादागास्कर बेटावरचा. उपासाचा बटाटा आणि साबुदाणा ज्याचा होतो तो कंद, दोन्ही सातासमुद्रापलीकडून आलेले. एकादशीला ते आपल्याला चालतात! तेव्हा पाहुण्याला परका म्हणून हाकलू नये. अतिथी देवो भव.

पण पाहुण्यांची सोय करताना घरच्यांना बाहेर काढावे का? तेच चालले आहे. अंगणात परदेशी गवताचा गालिचा अंथरण्यासाठी आपण हरळी मुळासकट उपटतो आणि गणेशचतुर्थीला दूर्वांची जुडी पैसे देऊन आणतो. हरळी म्हणजेच दूर्वा, हे विसरतो. दसऱ्याला आपट्याची पाने म्हणून कांचनाची पाने विकत घेतो, कारण आपटा ओळखणारे डोळेच उरले नाहीत. घाणेरी, जिला कोणी टणटणीही म्हणतात, ती अमेरिकेतून शोभेचे झुडूप म्हणून आली आणि आता डोंगरच्या डोंगर व्यापून बसली. पाहुणा कोण आणि घुसखोर कोण, हे पारखावे लागते.

घरचे झाड आणि पाहुणे झाड यांत मोठा फरक नात्यांचा आहे. गुलमोहर सुंदर फुलतो, सावली देतो. पण त्याच्या वाळक्या शेंगा खायला हरियाल येत नाही. उंबराभोवती माशी, पाखरे, वटवाघळे, मुंग्या असे सगळे गोत आहे. ते गोत जमायला लाखो वर्षे लागली. नर्सरीतून आणलेल्या कुंडीबरोबर ते येत नाही.

आपल्या पूर्वजांनी ही झाडे राखण्यासाठी धर्माची मोठी सुरेख योजना केली होती. प्रत्येक नक्षत्राला एक आराध्यवृक्ष दिला. कृत्तिकेला उंबर, रोहिणीला जांभूळ, पुष्याला पिंपळ, मघाला वड, हस्ताला जाई, चित्राला बेल, अनुराधाला बकुळ, शततारकेला कदंब, रेवतीला मोह. ही सगळी याच मातीतली झाडे. नवग्रहांत शुक्राची समिधा उंबराची. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत भूमीतले पाणी शोधायच्या खुणा सांगितल्या आहेत, त्यांतही उंबर आहे. म्हणजे ज्योतिषी, याज्ञिक आणि विहीर खणणारा, तिघांनाही हे झाड ओळखावे लागे. ओळख होती म्हणून राखण होती.

भिंतीतला औदुंबर

आता एक अडचणीचा विषय. अनेक भाविक विचारतात म्हणून लिहितो.

आमच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षिका राहतात. आम्ही त्यांना ताई म्हणतो. त्यांच्या घराच्या मागच्या भिंतीला, पन्हळीखाली, उंबराचे रोप उगवले. भिंतीला ओल येऊ लागली. गवंडी म्हणाला, ॲसिड ओततो, दोन दिवसांत जळेल. ताईंची झोपच उडाली. मला म्हणाल्या, "भाऊ, ह्यांनी बारा वर्षं वाडीची पौर्णिमा चुकवली नाही. आता त्यांच्या माघारी मी त्याच झाडाच्या मुळात ॲसिड ओतू? आणि नाही ओतलं तर भिंत जाते. पेन्शनीत दुसरी भिंत कुठून बांधू?"

ही गोष्ट हसण्यावारी नेण्याची नाही. एका बाजूला श्रद्धा, दुसऱ्या बाजूला डोक्यावरचे छप्पर. मी त्यांना म्हटले, "ताई, पाखराने बी टाकले ते भिंत पाडायला नव्हे. महाराज तुमच्या घरी रोप देऊन गेलेत. त्याची जागा तेवढी चुकलीय. मारायचं नाही, हलवायचं."

पावसाळा सुरू होता. रोप वीतभर होते. आम्ही गवंड्याकडून भोवतीचा गिलावा हलक्या हाताने फोडवला, मुळे शक्य तितकी सोडवली, माती-शेणखताच्या पिशवीत रोप लावले आणि सावलीत ठेवले. पाने गळाली. ताई रोज येऊन विचारायच्या. तीन आठवड्यांनी नवा कोंब आला. पुढच्या पावसाळ्यात ते रोप ओढ्याकाठी, देवळाच्या मोकळ्या जागेत लावले. आज त्याच्या खोडाला फळे धरतात आणि ताईंची भिंतही शाबूत आहे.

गुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायात नरहरी नावाच्या कुष्ठरोग्याची कथा येते. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचे वाळके लाकूड दिले आणि संगमावर रोवून पाणी घालायला सांगितले. लोक हसले. वाळक्या लाकडाला पालवी फुटते का कुठे? तो मात्र श्रद्धेने पाणी घालत राहिला. शेवटी श्रीगुरूंच्या कृपेने लाकडाला पालवी फुटली आणि त्याचा देहही शुद्ध झाला. चमत्कार श्रीगुरूंचा, यात शंका नाही. पण त्यांनी भक्ताला सेवा कोणती सांगितली? पाणी घालण्याची. आपण चमत्कार लक्षात ठेवतो आणि पाण्याची कळशी विसरतो.

सेवा कशी करावी

औदुंबर लावायची इच्छा असेल तर काही व्यवहाराच्या गोष्टी ध्यानात घ्याव्यात. हे झाड मोठे होते, मुळे पाण्याच्या शोधात दूर जातात. म्हणून घर, विहीर, जमिनीखालची टाकी आणि ड्रेनेजची लाइन यांपासून निदान तीस-चाळीस फूट अंतर ठेवावे. एवढी जागा अंगणात नसेल तर हट्ट करू नये. देवळाचे आवार, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, गावची शाळा अशी जागा संबंधितांना विचारून निवडावी. दोन फूट खोल-रुंद खड्डा, शेणखत आणि माती, पहिल्या पावसात लागवड, भोवती काट्यांचे किंवा जाळीचे कुंपण. पहिले दोन-तीन उन्हाळे पाणी. तेवढे केले की पुढे ते आपले आपण पाहते.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी खिन्न होऊ नये. तुळस, दूर्वा, जाई, जुई हे कुंडीत येते. थोडीशी जमीन असेल त्यांनी पारिजातक, बकुळ, बेल, सोनचाफा लावावा.

शहरात जुना उंबर तोडण्याचा विषय निघाला, तर महाराष्ट्रात १९७५ सालचा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि पालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, हे सभासदांना नम्रपणे सांगावे. आमच्या सोसायटीत कंपाउंडची भिंत झाडामुळे सरकली होती. बैठकीत बराच आवाज झाला. शेवटी भिंत तेवढ्यापुरती वळवून घेतली. खर्च थोडा वाढला, झाड राहिले.

आणि एक हात जोडून विनंती, ती आपल्या सर्व देवस्थानांच्या मंडळींना. पार बांधताना खोडाला लागून सिमेंट किंवा फरशी लावू नये. भोवती चार फूट तरी उघडी माती ठेवावी. मुळांना पाणी आणि हवा तिथूनच मिळते. खोडाला खिळे ठोकून पाट्या लावू नयेत. बुंध्याशी कापूर जाळू नये, दिवा थोडा दूर ठेवावा. नायलॉनचा दोरा गुंडाळू नये, तो कुजत नाही आणि सालीत रुततो. दूध, तेल ओतण्याऐवजी तांब्याभर पाणी घालावे. प्रदक्षिणा घालणारे पाय आणि मुळांवर सिमेंट टाकणारे हात एकाच भक्ताचे असू नयेत. श्रीगुरूंचा वास जिवंत झाडात आहे, तर झाडाला जिवंत ठेवणे हीच पहिली पूजा.

बँकेत मुदत ठेव ठेवताना आम्ही नॉमिनीचे नाव आवर्जून लिहून घ्यायचो. पुष्कळ वृद्ध मंडळी हसून म्हणत, "आता आम्हाला काय उपयोग, घ्या नातवाचं नाव." औदुंबर ही तशीच ठेव आहे. लावणारा साठीचा असला तर भरगच्च फळलेले झाड तो पाहीलच असे नाही. पण या ठेवीला नॉमिनी एक नाही, हजार आहेत. काही पंखांचे, काही चार पायांचे, काही डोळ्यांना न दिसणारे. आणि त्याचे व्याज ज्या खात्यात जमा होते, ते खाते कधी बंद होत नाही.

या मार्गशीर्ष पौर्णिमेला पाळणा झाल्यावर, प्रसाद घेतल्यावर, प्रत्येकाने मनाशी एक संकल्प करावा. येत्या पावसाळ्यात एक घरचे झाड लावीन, किंवा असलेल्या एकाच्या बुंध्याभोवतीची माती मोकळी करीन. ज्यांना वयोमानाने वाकता येत नाही त्यांनी नातवंडांना हाताला धरून औदुंबराखाली न्यावे, पडलेले एक फळ उचलून फोडून दाखवावे आणि सांगावे, "बघ बाळा, हे उंबराचं फूल."

अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त!